लघवीच्या बाटलीचा प्रवास: सैन्यापासून नर्सिंग कॉलेजपर्यंत

अमेरिकेत नर्सिंगला प्रवेश मिळाला की कॉलेजकडून एक यादी येते. गोवर आणि हिपॅटायटिस-बी च्या लसींचे दाखले, क्षयरोगाची तपासणी, सीपीआरचं प्रमाणपत्र, गुन्हेगारी पार्श्वभूमीची पडताळणी, आणि त्यातच एक ओळ असते: अमुक तारखेच्या आत ठरवून दिलेल्या ठिकाणी जाऊन ड्रग टेस्टसाठी लघवीचा नमुना द्या. खर्च बऱ्याचदा विद्यार्थ्याचाच. नमुना पॉझिटिव्ह ठरला तर वॉर्डात पाऊल ठेवता येत नाही. वॉर्डातले तास भरले नाहीत तर विषय पूर्ण होत नाही आणि विषय राहिला तर पुढच्या सत्रात बसता येत नाही. म्हणजे एका बाटलीवर वर्ष जाऊ शकतं, आणि कर्ज काढून भरलेली फीसुद्धा.

यात वावगं काय, असं पहिल्यांदा मलाही वाटलं. ज्याच्या हातात मॉर्फिनची किल्ली द्यायची त्याला तपासून घेतलं तर बिघडलं कुठे? पण या ब्लॉगवर आपण नेहमी करतो तोच उद्योग इथे करून बघू. एखादी मोजमापाची पद्धत सगळेजण वापरतात, तेव्हा ती मुळात कोणत्या प्रश्नाचं उत्तर द्यायला तयार झाली होती हे शोधायचं. या चाचणीच्या बाबतीत उत्तर फार लांब सापडतं. ते कुठल्याही हॉस्पिटलात नाही, ते व्हिएतनाममध्ये आहे.

१९७१ साली व्हिएतनाममधल्या अमेरिकन सैनिकांमध्ये हेरॉइनचं प्रमाण वाढल्याच्या बातम्यांनी वॉशिंग्टन हादरलं. त्या जून महिन्यात राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी मादक पदार्थांना देशाचा पहिल्या क्रमांकाचा शत्रू म्हटलं, आणि घरी परतणाऱ्या सैनिकांची विमानात बसण्याआधी लघवी तपासायला सुरुवात झाली. मोहिमेचं बोलीतलं नाव होतं 'ऑपरेशन गोल्डन फ्लो'. (नाव कोणी ठेवलं असेल त्याला विनोदबुद्धी होती.) हजारो नमुने झटपट तपासायचे तर जुनी, वेळखाऊ रासायनिक पद्धत चालणार नव्हती. सिंटेक्स आणि व्हेरियन या दोन कंपन्यांनी मिळून काढलेल्या सायवा नावाच्या कंपनीकडे अँटीबॉडीवर आधारलेली एक नवी पद्धत होती. याच कंपनीने थोड्याच काळात 'इमिट' नावाची चाचणी आणली, आणि पुढच्या दोन दशकांत घरोघरी नाही तरी दारोदारी पोचली ती हीच.

इमिटचं तत्त्व समजून घ्या, कारण पुढचा सगळा घोळ त्यात आहे. प्रयोगशाळेतल्या मिश्रणात एक एन्झाइम असतं आणि त्याला शोधायच्या औषधाचा रेणू चिकटवलेला असतो. सोबत त्या औषधाची अँटीबॉडी. अँटीबॉडी एन्झाइमला जाऊन बसली की एन्झाइम गप्प. आता लघवीतच ते औषध असेल तर अँटीबॉडी तिकडे गुंतते, एन्झाइम मोकळं राहतं आणि कामाला लागतं, आणि ३४० नॅनोमीटरला प्रकाशाचं शोषण वाढतं. साधं, स्वस्त, जलद. पण अँटीबॉडी रेणूचं नाव विचारत नाही, ती फक्त आकार ओळखते. मिळत्याजुळत्या आकाराचा निरुपद्रवी रेणू आला तरी ती त्याला धरते. आणि काम तेच पण आकार वेगळा, असा घातक रेणू समोरून गेला तर तिला तो दिसतच नाही. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा.

व्हिएतनामच्या या चाचण्यांमुळे एक सुंदर अभ्यासही झाला. सेंट लुईसच्या समाजशास्त्रज्ञ ली रॉबिन्स यांनी परतलेल्या सैनिकांचा माग काढला. जवळजवळ निम्म्यांनी तिकडे अफू किंवा हेरॉइन चाखलेलं होतं, सुमारे २० टक्के त्याच्या आहारी गेले होते. पण आहारी गेलेल्यांपैकी घरी आल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकलेले साधारण ५ टक्केच. शिवाय विमानाची तारीख आधी माहीत असायची, त्यामुळे काही दिवस थांबता आलं की निगेटिव्ह येता यायचं. म्हणजे बाटली काय मोजत होती? व्यसन, सवय, की तारीख लक्षात ठेवून थांबण्याची क्षमता? हा प्रश्न १९७०च्या दशकातच समोर होता. फारसा कोणी उचलला नाही.

पुढचं दशक अपघातांचं. मे १९८१ मध्ये निमिट्झ या विमानवाहू नौकेवर एक विमान उतरताना आदळलं, १४ जण गेले. मेलेल्यांपैकी डेकवरच्या काहींच्या शरीरात गांजाचे अंश सापडले आणि नौदलाने 'अजिबात खपवून घेणार नाही' असं धोरण धरलं. १९८६ मध्ये रेगन यांनी केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी आदेश काढला, त्याआधी स्वतः नमुना देऊन दाखवला. जानेवारी १९८७ मध्ये मेरीलँडमधल्या चेसजवळ रेल्वेचा भीषण अपघात झाला, १६ मृत्यू, आणि इंजिन चालवणाऱ्याने गांजा ओढलेला होता. एप्रिल १९८८ मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्याने तपासणीचे सविस्तर नियम छापले. त्यात पाच पदार्थ होते: गांजा, कोकेन, अफूजन्य पदार्थ, अँफेटामाइन आणि पीसीपी.

ही पाचची यादी कोणासाठी केली होती? सरकारी कर्मचाऱ्यांसाठी, आणि ज्या काळी रस्त्यावर काय विकलं जात होतं ते बघून. हॉस्पिटलच्या औषधांच्या कपाटात काय असतं, हा तिचा विषयच नव्हता.

बाकी नियम मात्र चांगले होते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. नमुना दिल्यावर चार मिनिटांच्या आत तापमान बघायचं, ते ३२ ते ३८ अंश सेल्सियसच्या मध्ये हवं, नाहीतर बाटली बाहेरून आणलेली. संडासातल्या पाण्यात निळा रंग टाकायचा, म्हणजे तेच पाणी मिसळता येत नाही. बाटली कोणाच्या हातातून कोणाच्या हातात गेली याची सह्यांसकट नोंद. अँटीबॉडीवाली चाचणी पॉझिटिव्ह आली तर तेवढ्यावर निकाल द्यायचा नाही, जीसी-एमएस यंत्रावर खात्री करायची. आणि त्यानंतरही एका डॉक्टरने त्या माणसाशी बोलून विचारायचं, की बाबा, तू कोणतं औषध घेतोस का? हा डॉक्टर, मेडिकल रिव्ह्यू ऑफिसर, म्हणजे या सगळ्या यंत्रणेतला एकमेव कान.

खात्रीची चाचणी का लागते ते आकड्यांत बघा. समजा (हे आकडे मी गणितासाठी घेतलेत) १००० विद्यार्थी आहेत आणि त्यांतले २० खरोखर काही घेतात. चाचणीची सेन्सिटिव्हिटी ९५ टक्के, स्पेसिफिसिटी ९८ टक्के. वीसपैकी १९ पकडले जातील. उरलेल्या ९८० निर्दोषांपैकी २ टक्के, म्हणजे साधारण २०, तेही पॉझिटिव्ह येतील. एकूण ३९ पॉझिटिव्ह, त्यांतले निम्मे काहीही न घेणारे! चाचणी ९८ टक्के अचूक आहे असं सांगून कोणी तुम्हाला गप्प करत असेल तर हे गणित कागदाच्या पाठीवर मांडून द्या. नेटच्या परीक्षेलाही उपयोगी पडेल.

आणि खसखशीची गोष्ट. ही आपल्या घरातली आहे. खसखस म्हणजे अफूच्याच बोंडातलं बी, त्याला मॉर्फिन आणि कोडीनचे अंश चिकटलेले असतात. सुरुवातीला अफूजन्य पदार्थांचा कट-ऑफ होता लघवीच्या मिलिलीटरमागे ३०० नॅनोग्रॅम. पाव आणि केकवर भुरभुरवलेल्या खसखशीने माणसं या रेषेच्या वर जात होती. दिवाळीला तिकडच्या मराठी घरात कोणी ताटभर अनारसे संपवून दुसऱ्या दिवशी नमुना द्यायला गेलं असतं तर त्याचीही पंचाईत होऊ शकली असती. शेवटी १९९८ मध्ये केंद्राने रेषा ३०० वरून २००० वर नेली, आणि हेरॉइन ओळखायला सहा-मोनोअॅसिटिलमॉर्फिन हा वेगळा रेणू बघायचं ठरवलं, कारण तो खसखशीतून येत नाही. तरीही प्रश्न मिटला नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने सैनिकांना खसखशीचे पदार्थ टाळा असं कळवलं, कारण काही बियांत कोडीन अपेक्षेपेक्षा जास्त निघालं. गांजाची रेषासुद्धा हललेली आहे, पण उलट्या दिशेने: १९८८ मध्ये १०० नॅनोग्रॅम, १९९४ पासून ५०. म्हणजे तीच लघवी १९९३ मध्ये निगेटिव्ह आणि १९९५ मध्ये पॉझिटिव्ह! 'पॉझिटिव्ह' हा शब्द निसर्गातून आलेला नाही, तो कमिटीच्या बैठकीतून आलेला आहे.

आता नर्सिंगकडे येऊ. गंमत अशी की नर्सच्या व्यसनाचा प्रश्न त्या व्यवसायाने स्वतःहून, आणि वेगळ्याच भाषेत मांडलेला होता. १९८२ मध्ये अमेरिकन नर्सेस असोसिएशनने ठराव केला, त्याचा रोख शिक्षेऐवजी उपचाराकडे होता. १९८३ मध्ये फ्लोरिडा राज्याने अशा नर्ससाठी कार्यक्रम सुरू केला: कामावरून बाजूला व्हा, उपचार घ्या, देखरेखीखाली राहा, बरं झालात की परत या. नंतर अनेक राज्यांनी हा रस्ता धरला. या कार्यक्रमांतही लघवी तपासतात, पण तिथे ती तपासणी उपचाराचा एक भाग असते. तारीख आधी सांगत नाहीत आणि पुढे काय करायचं ते ठरलेलं असतं. विद्यार्थ्याची अडचण अशी की हे कार्यक्रम परवान्याभोवती उभे केलेले. ज्याच्याकडे अजून परवानाच नाही त्याला अनेक ठिकाणी हा दरवाजा उघडत नाही. पॉझिटिव्ह नर्सला समुपदेशक भेटू शकतो. विद्यार्थ्याला बऱ्याचदा फक्त प्रवेश रद्द झाल्याचं पत्र मिळतं.

१९९८ मध्ये ट्रिंकॉफ आणि स्टॉर या दोन संशोधकांनी सुमारे ४,४०० नर्सच्या उत्तरांवरून एक निबंध लिहिला. मागच्या वर्षभरात गांजा किंवा कोकेन घेतलेल्या ४ टक्के. डॉक्टरी औषधं चिठ्ठीशिवाय घेतलेल्या ७ टक्के. एका बैठकीत अति मद्यपान केलेल्या १६ टक्के. आता हे आकडे पाचच्या यादीशेजारी ठेवा. यादी सगळ्यात नीट पकडते ते सगळ्यात लहान आकड्याला. दारू तर नेहमीच्या पॅनलमध्ये नसतेच, आणि असली तरी काही तासांत उतरते.

पण माझ्या मते सगळ्यात मोठं भोक फेंटानिलचं आहे. हॉस्पिटलातून चोरीला जाणारी औषधं म्हणजे पूर्वी डेमेरॉल, म्हणजे आपलं पेथिडीन, आणि नंतर फेंटानिल. दोन्ही शरीरात मॉर्फिनसारखं काम करतात, पण रेणूचा आकार मॉर्फिनसारखा नाही. मॉर्फिनवर बेतलेली अँटीबॉडी त्यांना ओळखत नाही. (तुम्हाला लक्षात ठेवायला सांगितलेलं वाक्य हेच.) म्हणजे 'ओपिएट निगेटिव्ह' असा शिक्का असलेला माणूस फेंटानिलवर असू शकतो. केंद्राच्या यादीत ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोन वगैरे आली २०१७ मध्ये. फेंटानिल यायला २०२५ साल उजाडलं. मधल्या काळात बाजारात बारा पदार्थांचे पॅनल विकले जात होते, आणि जाहिरातीतला बाराचा आकडा बघून समाधान व्हायचं. त्या बारांत फेंटानिल आहे का, हे विचारणारा विरळा.

धोका खोटा आहे असं मात्र मी म्हणत नाही. २०१२ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या एक्सेटर हॉस्पिटलात रुग्णांना अचानक हिपॅटायटिस-सी होऊ लागला. हृदयविभागातला एक फिरता तंत्रज्ञ फेंटानिल भरलेल्या सिरिंज चोरायचा, स्वतःला टोचायचा आणि त्या परत ठेवायचा. अनेक राज्यांतल्या चाळीसहून जास्त रुग्णांना लागण झाली, त्याला ३९ वर्षांची शिक्षा झाली. यात मला सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट बाटलीची नाही. आधीच्या हॉस्पिटलांनी त्याला संशयावरून काढलेलं होतं आणि ती माहिती पुढच्या हॉस्पिटलापर्यंत पोचलीच नाही. चोरी थांबवणाऱ्या गोष्टी कंटाळवाण्या असतात: कोणी किती अँप्यूल काढले याची कपाटाच्या संगणकातली नोंद, उरलेलं औषध दुसऱ्या नर्सच्या डोळ्यांदेखत ओतून टाकून दोघींनी सही करणं, आणि नोकरी बदलणाऱ्याचा खरा शेरा पुढे पाठवणं. विद्यार्थ्याची प्रवेशाच्या वेळची एक बाटली यातलं काहीच करत नाही.

मग ती आली कशी? मी आधी कायदा शोधत होतो. केंद्राचा असा कायदा नाही. १९८८चा ड्रग-फ्री वर्कप्लेस कायदा आहे, पण तो धोरण जाहीर करा म्हणतो, लघवी तपासा म्हणत नाही. पुरावा सापडतो तो करारात. नर्सिंग कॉलेजला वॉर्ड हवेत, ते हॉस्पिटलांकडे असतात. दोघांत करार होतो आणि त्यात एक कलम येतं, की आमच्या कर्मचाऱ्यांना जे नियम, तेच तुमच्या विद्यार्थ्यांना. हॉस्पिटलने कर्मचाऱ्यांची तपासणी सुरू केली की ती आपोआप विद्यार्थ्यांवर येते. एका कॉलेजचे दहा हॉस्पिटलांशी करार असले तर सगळ्यात कडक हॉस्पिटलचा नियम सगळ्यांना लागू करणं कॉलेजला सोयीचं. विचारायला गेलात तर कॉलेज म्हणतं, हॉस्पिटलची अट आहे. हॉस्पिटल म्हणतं, प्रवेश कॉलेज देतं. दोघंही खरं बोलतात.

या टोलवाटोलवीला कायद्याचीही किनार आहे. अमेरिकन संविधानाची चौथी दुरुस्ती अवाजवी झडतीपासून संरक्षण देते, पण ती फक्त सरकारला बांधते, खासगी हॉस्पिटलला नाही. सरकारी बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च १९८९ या एकाच दिवशी दोन निकाल दिले. रेल्वे कर्मचाऱ्यांची अपघातानंतरची तपासणी ग्राह्य धरली, आणि जकात खात्यातल्या काही पदांसाठीची तपासणीही. दुसऱ्या निकालात न्यायमूर्ती स्कालिया यांनी विरोधी मत लिहिलं, आणि गंमत म्हणजे पहिल्यात ते सरकारच्या बाजूने होते. त्यांचा मुद्दा असा की रेल्वेत नशेमुळे अपघात झाल्याचा पुरावा होता, इथे नाही. ३,६०० जकात कर्मचारी तपासले तेव्हा पॉझिटिव्ह निघाले जेमतेम पाच. मग हे फक्त प्रतीकासाठी चाललंय, असं त्यांनी जवळजवळ शब्दशः म्हटलं. मिसूरीतल्या एका सरकारी तांत्रिक कॉलेजने २०११ मध्ये सगळ्याच नव्या विद्यार्थ्यांची तपासणी सक्तीची केली, तेव्हा हाच वाद पुन्हा उभा राहिला. २०१६ मध्ये अपील न्यायालयाने सरसकट तपासणी अवैध ठरवली; विमानदुरुस्तीसारख्या, दुसऱ्याच्या जिवाशी खेळ होऊ शकतो अशा अभ्यासक्रमांपुरती मुभा राहिली. नर्सिंग या मुभेत बसेल असं मला वाटतं. पण 'इथे तपासायचा हक्क आहे' आणि 'या चाचणीने तो धोका मोजला जातो' ही दोन वेगळी विधानं आहेत, आणि कोर्टाने उत्तर दिलं ते पहिल्याचं.

चुकीच्या मोजमापाने नर्सचंच कसं नुकसान होतं याचा एक नमुना सांगून थांबतो. २००० नंतरच्या काही वर्षांत दारूसाठी ईटीजी नावाची नवी चाचणी आली. दारूचा हा मेटाबोलाइट लघवीत दोन-तीन दिवस टिकतो, त्यामुळे देखरेखीखाली असलेल्या नर्स आणि डॉक्टरांवर ती भराभर वापरली गेली. ती इतकी तरल होती की हाताला लावायच्या सॅनिटायझरमधलं अल्कोहोलही पकडायची. आता ज्या माणसाला प्रत्येक रुग्णाच्या आधी आणि नंतर हात त्याच द्रवाने चोळायची सक्ती आहे, त्याचीच ही चाचणी! पॉझिटिव्ह आलेल्या नर्स जीव तोडून सांगत होत्या की आम्ही प्यायलेलो नाही. २००६ मध्ये केंद्राच्या संबंधित संस्थेने सूचना काढली, की केवळ ईटीजीच्या आधारावर कोणावर कारवाई करणं शास्त्रीय दृष्ट्या टिकणारं नाही. तोपर्यंत चाचणी काही वर्षं चाललेली होती.

यावर कोणाला काम करायचं असेल तर सामग्री उघड्यावर पडलेली आहे. सरकारी कॉलेजांची विद्यार्थी-पुस्तिका दरवर्षी बदलते आणि जुन्या आवृत्त्या बऱ्याच ठिकाणी मिळतात. एका राज्यातली दहा कॉलेजं घ्या आणि तपासणीची ओळ कोणत्या वर्षी पहिल्यांदा आली, पदार्थांची यादी पाचवरून कितीवर गेली, पॉझिटिव्ह विद्यार्थ्याला डॉक्टरशी बोलण्याची संधी दिली होती का, हे तक्त्यात भरा. पातळ आलेल्या नमुन्याचं काय करतात तेही बघा. क्रिएटिनीन डेसिलिटरमागे २० मिलिग्रॅमच्या खाली गेलं की नमुना पातळ धरतात, आणि क्रिएटिनीन स्नायूंच्या वजनावर आणि खाण्यातल्या मांसावरही अवलंबून असतं. पंचेचाळीस किलोची शाकाहारी मुलगी धास्तीने दोन बाटल्या पाणी पिऊन गेली की तिचा नमुना रेषेखाली जायला फार काही लागत नाही. काही कॉलेजं अशा वेळी पुन्हा नमुना मागतात, काही तो थेट नापास धरतात. कोणती काय करतात, हा तक्त्यातला शेवटचा रकाना ठेवा.